ॲटलास: आकाश पेलणारा आणि आकाश जाणणारा
युरोपातील बहुतेक भाषांत नकाशांच्या ग्रंथाला ॲटलास म्हणतात, आणि हे नाव खांद्यावर पृथ्वी घेतलेल्या ग्रीक दैत्यावरून पडले असा समज सर्वत्र रूढ आहे. मूळ साधने पाहता मात्र या समजाचे दोन्ही भाग टिकत नाहीत. इ. स. पूर्व 700 च्या सुमारास होऊन गेलेल्या ग्रीक कवी हेसिअडच्या देववंशावळीत टायटन कुळातील, म्हणजे ऑलिंपसवासी देवांच्या आधी सत्ता गाजवणाऱ्या कुळातील, ॲटलासच्या वाट्याला देवराज झ्यूसने शिक्षा म्हणून जे ओझे दिले ते पृथ्वीचे नसून आकाशाचे आहे. होमरच्या ‘ओडिसी’त तर तो सर्व सागरांची खोली जाणणारा आणि पृथ्वी व आकाश यांना विलग ठेवणारे स्तंभ सांभाळणारा आहे. वाहणे आणि जाणणे या दोन्ही गोष्टी अशा रीतीने अगदी आरंभापासून या नावाला चिकटल्या आहेत आणि त्याचा पुढचा सारा इतिहास या दोहोंच्या ओढीतून घडला आहे.

नावाची परंपरागत व्युत्पत्ती ‘पेलणे, सोसणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडली जाते, आणि तौलनिक भाषाशास्त्र त्याच मूळ धातूखाली संस्कृत ‘तुला’ हा शब्दही मांडते. भूगोलात हे नाव लवकरच उतरले. इ. स. पूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने उत्तर आफ्रिकेतील एका उंच पर्वताचे हेच नाव सांगितले असून तेथील लोक त्या पर्वताला आकाशाचा स्तंभ म्हणतात असे नोंदवले आहे. हेराक्लिसच्या स्तंभांपलीकडील, म्हणजे आजच्या जिब्राल्टरपलीकडील, समुद्राला त्याने ॲटलासचा समुद्र म्हटले, आणि अटलांटिक हे नाव त्यातूनच आले.

पेलणाऱ्या ॲटलासचा वारसा शिल्पाने जपला. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस सांगतो की छज्जा तोलून धरणाऱ्या पुरुषाकृतींना ग्रीक लोक ‘अटलांटेस’ आणि रोमन लोक ‘टेलामोनेस’ म्हणतात. नेपल्सच्या संग्रहालयातील फार्नेसे ॲटलास या संगमरवरी मूर्तीच्या खांद्यावरील गोलावर नक्षत्रे कोरलेली आहेत, त्यामुळे तो खगोल आहे याविषयी शंका राहत नाही. कवटी तोलणाऱ्या मानेच्या पहिल्या मणक्यालाही शरीरशास्त्राने हेच नाव दिले.

ग्रंथाच्या नावाची कथा निराळी आहे, आणि प्रक्षेपणपद्धतीमुळे ज्याचे नाव आजही शाळेत शिकवले जाते त्या नकाशाकार गेरार्ड मर्केटरशी ती निगडित आहे. त्याच काळातील नकाशाकार ॲब्राहम ऑर्टेलियसने 1570 मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहाचे नाव ‘जगाचे रंगमंदिर’ असे होते. ‘ॲटलास’ हे नाव मर्केटरच्या ग्रंथावर 1595 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत, प्रथम छापले गेले. त्याने आदर्श म्हणून स्वीकारला तो दंडित टायटन नव्हे, तर मॉरेटेनियाचा, म्हणजे प्राचीन वायव्य आफ्रिकेतील राज्याचा, ॲटलास नावाचा विद्वान राजा होता. या राजाच्या कथेचे मूळ जुने आहे: ग्रीक इतिहासकार डायोडोरस याच्या मते ज्योतिषात पारंगत असलेल्या ॲटलासने गोलाचा सिद्धांत प्रथम मांडला, आणि त्यामुळेच तो आकाश खांद्यावर वाहतो अशी कल्पना रूढ झाली. मर्केटरलाही केवळ नकाशे द्यायचे नव्हते. सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करून आकाश, पृथ्वी आणि मानवी इतिहास यांचे एकसंध विवेचन त्याला करायचे होते, म्हणून मुखपृष्ठावरील आकृतीही ओझ्याने वाकलेली नाही, ती गोल हाताळण्यात गुंतलेली आहे. ही भव्य योजना अपुरी राहिली. 1604 मध्ये नकाशा-प्रकाशक योडोकुस होंडियसने मर्केटरच्या नकाशांचे छपाईचे मूळ तांब्याचे पत्रे विकत घेऊन ॲम्स्टरडॅमहून 1606 पासून वाढीव आवृत्त्या काढल्या, त्या युरोपभर खपल्या, आणि विश्वविवेचनाचे हे नाव उरले ते नकाशांच्या पुस्तकापुरते. ज्ञानाच्या इतिहासातील हा संकोच खेदजनकच म्हणावा लागेल.

भाषांनी पुढे दोन्ही अर्थ आपापल्या परीने हाताळले. इटालियनमध्ये ‘अटलांटे’ म्हणजे स्तंभरूपी पुरुषही आणि नकाशांचे पुस्तकही. स्पॅनिशमध्ये मात्र पुस्तक ते ‘अटलास’ आणि स्तंभरूपी पुरुष तो ‘अटलांटे’. रशियनमध्येही शिल्पातील आकृतीला ‘अटलांट’ म्हणतात, आणि सेंट पीटर्सबर्गच्या नव्या हर्मिटेजच्या द्वारमंडपाला अशाच दहा ग्रॅनिटच्या आकृती आहेत. त्याच भाषेत पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास ‘अटलास’ म्हणजे नकाशासंग्रह आणि दुसऱ्यावर दिल्यास तुकतुकीत रेशमी कापड. जर्मनमध्येही हा शब्द त्या कापडाचे नाव आहे, पण त्याचा ग्रीक टायटनाशी काही संबंध नाही: तो ‘गुळगुळीत’ या अर्थाच्या अरबी शब्दातून युरोपात पोहोचला, आणि फारसीच्या वाटेने मराठीत आलेली ‘अतलस’ ही त्याचीच भगिनी आहे.