खंजिरीवाले महाराज

खंजिरीवाले महाराज म्हणजे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८). आजच्या वाचकाला ते नागपूर विद्यापीठाच्या नावामुळे ठाऊक असतात. १९४२ साली मात्र ते तेहतिशीतले कवी होते. यावलीच्या इंगळ्यांचा माणिक. ‘तुकड्या’ हे नाव वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेले, तेच पुढे भजनाच्या शेवटची मुद्रा झाली. हातात खंजिरी, सोप्या मराठी-हिंदीतले पद आणि समोर मांडी घालून बसलेले, अक्षरओळख नसलेले शेतकरी. स्वातंत्र्याची हाक त्यांच्यापर्यंत छापील पत्रकाविना पोचे, हे या कवीचे खरे बळ.

१९४२च्या १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीला, महाराजांच्या भजनांनी भारलेले चिमूर गाव पेटले. पोलिसांच्या गोळीने कोवळा बालाजी रायपूरकर पडला. संतापलेल्या जमावाने अधिकारी मारले. मग लष्कराने गावातल्या बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी प्रदीर्घ उपोषण केले. महाराजांनी शस्त्र धरले नव्हते, तरी सरकारला त्यांची भजनेच पुरेशी धोक्याची वाटली. ऑगस्टअखेर त्यांना चांद्यात (आजचे चंद्रपूर) पकडले आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवून डिसेंबरात सोडले.