काप एकच, वाटा दोन

जुन्या जपानी कपाटांवर आणि लेखनमेजांवर चौकटी-षटकोनांची जी बारीक नक्षी दिसते, ती प्रथमदर्शनी रंगवलेली वाटते. पण ते रंगकाम नव्हे. वेगवेगळ्या झाडांच्या लाकडांचे मूळचे रंगच तिथे शेजारी शेजारी बसवलेले असतात. या कामाला ‘योसेगी’ म्हणतात. टोकियोच्या नैऋत्येला हाकोनेच्या डोंगरात, जुन्या तोकाइदो हमरस्त्यावरच्या हाताजुकू गावी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इशिकावा निहेई या कारागिराने ते सुरू केले, असे मानले जाते.

कृती अशी. निरनिराळ्या रंगांच्या लाकडी काड्या नेमक्या कोनांत तासून, सरसाने जोडून त्यांचा ठोकळा करायचा. नक्षी ठोकळ्याच्या वरच्या अंगावर नसते, ती आरपार असते. मग रंध्याने कागदासारखे पातळ काप काढून ते पेटीवर किंवा कपाटावर चिकटवायचे.

हीच युक्ती मुंबईतही होती. इकडे तिला ‘सादेली’ म्हणत. इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे ही कला मुंबई-सुरतेकडे आली. हस्तिदंत, शिंग, आबनूस आणि कथलाच्या तारा यांची जुडी बांधून चिकटवायची, करवतीने आडवे काप घ्यायचे आणि ते चंदनाच्या पेटीवर बसवायचे. साहेबांच्या मडमांना या शिवणपेट्या आणि लेखनपेट्या फार आवडत. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मुंबईचे हे काम मांडले होते. इंग्रजीत त्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ हेच नाव पडले.

पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. 1868 नंतरच्या मेइजी काळात जपानी कपाटे युरोप-अमेरिकेत जाऊ लागली, तरी लाकूड जवळच्या डोंगरातलेच होते आणि हाकोनेच्या गरम झऱ्यांवर येणारे प्रवासी दारातले गिऱ्हाईक होते. 1984 मध्ये जपान सरकारने योसेगीला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. मुंबईच्या पेटीचे गिऱ्हाईक साहेब, तो गेला. हस्तिदंतावर तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी बंदीच आणली. आज हे काम सुरतेत मोजक्या हातांत उरले आहे.

करमाळा तालुक्यातले आमचे केम कुंकवासाठी ओळखले जाते. कुंकू करंड्यात गेले की गावाचे नाव मागे राहते. बॉम्बे बॉक्सचे उलटे झाले: शहराचे नाव टिकले, करणाऱ्याचे पुसले गेले. हाकोनेत गाव, कारागीर आणि लाकूड ही तिन्ही नावे एकत्र राहिली, आणि कलाही राहिली.

म्हणून कुणाच्या माळ्यावर जुनी नक्षीची पेटी असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी निखळलेल्या कोपऱ्याकडे नीट पाहावे. तिथे नक्षीची जाडी दिसते. ती दिसली, की तो काप कुणाच्या तरी करवतीखालून गेला आहे, हे ध्यानात येते.