घटक राज्यांची समता आणि अमेरिकन प्रजासत्ताकाचा प्रदेशविस्तार (१७८०–१८२१)

प्रजासत्ताक राज्य लहान प्रदेशातच टिकू शकते. राज्याचा विस्तार वाढला की त्याचे पर्यवसान राजसत्तेत किंवा साम्राज्यात होते, हा अठराव्या शतकातील राजकीय विचारात रूढ झालेला सिद्धान्त होता. माँतेस्क्यूने त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली होती आणि रोमचा इतिहास हा त्याचा नेहमीचा दाखला असे. १७८७ च्या नोव्हेंबरात जेम्स मॅडिसनने ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील दहाव्या लेखात याच्या नेमके उलट प्रतिपादन केले. प्रदेश जितका विस्तीर्ण तितके हितसंबंध अधिक, आणि हितसंबंध जितके अधिक तितके एकाच गटाला बहुमताच्या जोरावर इतरांवर जुलूम करणे अवघड, असा त्याचा युक्तिवाद होता. तथापि मॅडिसनच्या या प्रतिपादनाने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. नव्याने मिळणाऱ्या प्रदेशाचे मूळ तेरा राज्यांशी नाते कोणते राहावे? तो प्रदेश वसाहत म्हणून राहणार, की बरोबरीचा भागीदार होणार? अमेरिकन संघराज्याच्या पहिल्या चाळीस वर्षांच्या राजकीय इतिहासाचा फार मोठा भाग या प्रश्नाभोवती फिरतो. त्याला जे उत्तर सापडले, ते जगाच्या इतिहासात अपूर्व होते. परंतु त्याच उत्तराच्या पोटात संघराज्याच्या भावी विघटनाचे बीजही होते.

१. पश्चिमेकडील भूमी आणि १७८० चा ठराव

३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाने नव्या राष्ट्राची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीपर्यंत गेली. पण ॲलेघेनी पर्वतापलीकडच्या या भूमीवर मालकी कोणाची, हा वाद युद्धकाळातच पेटला होता. व्हर्जिनियासारखी राज्ये आपल्या जुन्या सनदांच्या आधारे पश्चिमेकडील अफाट प्रदेशावर हक्क सांगत होती. मेरिलँडसारख्या राज्यांच्या सनदांनी मात्र त्यांची सीमा आधीच आखून दिली होती. शेजारचे राज्य जमिनी विकून आपला खजिना भरील आणि आपल्या वाट्याला फक्त करांचे ओझे येईल, ही मेरिलँडची भीती निराधार नव्हती. म्हणून संघाच्या पहिल्या राज्यघटनेला, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ला, मेरिलँडने १७८१ च्या मार्चपर्यंत संमती दिली नाही.

ही कोंडी फोडण्यासाठी १० ऑक्टोबर १७८० रोजी काँग्रेसने एक ठराव केला. राज्यांनी सोडून दिलेल्या भूमीचा विनियोग सर्व राज्यांच्या समाईक हितासाठी होईल, तेथे स्वतंत्र प्रजासत्ताक राज्ये निर्माण केली जातील आणि त्यांना मूळ राज्यांइतकेच सार्वभौमत्वाचे अधिकार मिळतील, असे अभिवचन त्यात होते. नव्या राज्यांच्या समतेचे तत्त्व असे प्रथम एका व्यवहारी तडजोडीतून पुढे आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या उत्तरेकडील आपला हक्क १७८४ मध्ये संघाच्या स्वाधीन केला.

२. १७८५ आणि १७८७ चे कायदे

याच वर्षी टॉमस जेफर्सनच्या समितीने पश्चिम प्रदेशाच्या राज्यव्यवस्थेचा मसुदा मांडला. १८०० सालानंतर त्या सर्व प्रदेशात गुलामगिरी असू नये, असे एक कलम त्यात होते. ते केवळ एका राज्याचे मत कमी पडल्यामुळे गळाले. पुढील वर्षी जमिनीच्या मोजणीचा कायदा झाला. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौरस विभाग पाडावेत, प्रत्येकाचे ६४० एकरांचे ३६ तुकडे करावेत, दर एकरी किमान एक डॉलर भावाने त्यांचा लिलाव व्हावा आणि सोळाव्या क्रमांकाचा तुकडा शाळेसाठी राखून ठेवावा, अशी ही योजना होती. आजही ओहायोपासून पश्चिमेस शेतांच्या आणि रस्त्यांच्या सरळ रेषांत या मोजणीची खूण दिसते. मात्र एकदम ६४० डॉलर मोजणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि त्यामुळे पहिला लाभ जमिनीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांच्या पदरात पडला.

‘नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स’ या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा न्यूयॉर्क येथे १३ जुलै १७८७ रोजी संमत झाला. त्याने राज्यत्वाकडे जाणाऱ्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या पायरीवर काँग्रेसने नेमलेला गव्हर्नर, सचिव आणि तीन न्यायाधीश यांच्या हाती सर्व सत्ता राहील. प्रदेशात पाच हजार प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की रहिवाशांना प्रतिनिधिसभा निवडता येईल. मात्र मतदाराजवळ किमान ५० एकर जमीन असली पाहिजे आणि गव्हर्नरचा नकाराधिकार अबाधित राहील. स्वतंत्र रहिवाशांची संख्या साठ हजार झाली म्हणजे तो भाग मूळ राज्यांच्या बरोबरीने संघात प्रवेश करील.

पहिल्या दोन पायऱ्यांवरील राज्यकारभार ब्रिटिश वसाहतींच्या कारभाराहून फारसा निराळा नव्हता. किंबहुना अशा योजनेची चर्चा चालू असताना जेम्स मन्रोने १७८६ मध्ये जेफर्सनला कळविले होते की, ही क्रांतीपूर्वीच्या वसाहतीसारखीच राजवट होईल. फरक इतकाच की तिला शेवट आहे. या ‘फरका’तच कायद्याचे सारे महत्त्व सामावले आहे. ब्रिटिश वसाहतीचे परावलंबन कायमचे होते. ओहायोकाठच्या रहिवाशाचे परावलंबन मुदतीचे होते, आणि ती मुदत राज्यकर्त्यांच्या मर्जीवर न ठेवता लोकसंख्येच्या आकड्यावर ठेवली होती. या प्रदेशातून ओहायो (१८०३), इंडियाना (१८१६), इलिनॉय (१८१८), मिशिगन (१८३७) आणि विस्कॉन्सिन (१८४८) अशी पाच राज्ये निर्माण झाली.

कायद्याच्या सहाव्या कलमाने या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घातली. पळून आलेल्या गुलामाला परत नेण्याचा मालकाचा हक्क मात्र राखून ठेवला. बंदीची अंमलबजावणी ढिली होती. दीर्घ मुदतीच्या करारांच्या नावाखाली इंडियाना व इलिनॉय येथे वेठबिगार चालू राहिली, आणि गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनच्या काळात हे कलम तहकूब करावे असे अर्जही काँग्रेसकडे गेले. काँग्रेसने ते मान्य केले नाहीत. इलिनॉयमध्ये तर गुलामगिरीला वाट मोकळी करून देणारी घटनासमिती बोलवावी की नाही, यावर १८२४ मध्ये मतदान होऊन लोकांनी ती सूचना फेटाळली. याउलट ओहायोच्या दक्षिणेकडील प्रदेशासाठी १७९० मध्ये जो कायदा झाला, त्यात १७८७ ची व्यवस्था घेतली, पण सहावे कलम वगळले. अशा रीतीने ओहायो नदी ही दोन समाजरचनांमधील सीमा बनली.

३. तिसऱ्या कलमाचे भवितव्य

याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात मूळ रहिवासी जमातींशी पूर्ण सद्भावनेने वागण्याचे आणि त्यांची भूमी त्यांच्या संमतीवाचून न घेण्याचे वचन दिले होते. पण काँग्रेसने अधिकृत केलेल्या न्याय्य युद्धाचा अपवादही तेथेच नमूद होता. संपूर्ण योजनेचा आर्थिक पाया जमिनीची विक्री हा होता, आणि जी जमीन विकावयाची ती मायामी, शॉनी, डेलावेअर आदी जमातींच्या ताब्यात होती. वचन आणि योजना यांतील हा विरोध शब्दांनी मिटणारा नव्हता.

जमातींच्या संयुक्त सैन्याने १७९० मध्ये जनरल हार्मारला माघार घ्यावयास लावली, आणि ४ नोव्हेंबर १७९१ रोजी खुद्द वायव्य प्रदेशाचा गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर याच्या फौजेचा धुव्वा उडविला. या लढाईत सहाशेहून अधिक अमेरिकन सैनिक मारले गेले; मूळ रहिवाशांच्या हातून अमेरिकन सैन्याचा एवढा मोठा पराभव पुढेही कधी झाला नाही. अखेरीस १७९४ च्या ऑगस्टमध्ये फॉलन टिंबर्स येथे अँथनी वेनने विजय मिळविला आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग सालीना ९,५०० डॉलर किमतीच्या वस्तूंच्या मोबदल्यात संघाकडे आला. पुढे हॅरिसनने १८०९ मध्ये फोर्ट वेन येथे आणखी भूमी मिळविली, तेव्हा शॉनी नेता टेकुमसेह याने मांडलेला मुद्दा मूलगामी होता: भूमी सर्व जमातींची समाईक असून एखाद्या जमातीला ती विकता येणार नाही. १७८० मध्ये काँग्रेसने ज्या समाईकतेच्या तत्त्वावर आपला संघ सावरला, त्याच्याशी जुळणारा हा युक्तिवाद होता. पण तो ऐकून घेण्यात आला नाही. १८१३ मध्ये टेकुमसेह रणांगणावर पडला. समतेची वाट ज्यांच्यासाठी आखली गेली, त्यांत या लोकांची गणनाच नव्हती.

४. लुईझियाना: घटना आणि विस्तार

१७८७ च्या घटनेने काँग्रेसला नवी राज्ये सामील करून घेण्याचा अधिकार दिला. परंतु ती समान दर्जाची असावीत हे वाक्य मसुद्यातून गव्हर्नर मॉरिसच्या सूचनेवरून काढून टाकण्यात आले होते. (येथे ‘गव्हर्नर’ हे पदनाम नसून त्याचे नाव आहे.) पश्चिमेकडील लोकांच्या हाती संघाची सूत्रे जातील, ही त्याला धास्ती होती. घटनेने न लिहिलेले हे तत्त्व प्रघाताने प्रस्थापित केले. १७९६ च्या टेनेसीच्या प्रवेशकायद्यात ‘सर्व बाबतींत मूळ राज्यांच्या बरोबरीने’ या आशयाचे शब्द आले आणि पुढे ती रूढीच झाली.

या रूढीची खरी परीक्षा लुईझियानाच्या खरेदीने झाली. सेंट डोमिंगो बेटावरील गुलामांच्या उठावापुढे नेपोलियनचे सैन्य हतबल झाले, युरोपात इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपण्याचा रंग दिसू लागला, आणि मिसिसिपीच्या मुखाशी माल उतरविण्याचा अमेरिकनांचा हक्क १८०२ मध्ये काढून घेतल्याने पश्चिमेकडील शेतकरी संतप्त झाला होता. या परिस्थितीत केवळ न्यू ऑर्लिन्स मागावयास गेलेल्या लिव्हिंग्स्टन व मन्रो यांना सारा लुईझियाना देऊ करण्यात आला. ३० एप्रिल १८०३ च्या तहाने दीड कोटी डॉलरांत सुमारे ८,२८,००० चौरस मैल प्रदेशावरील फ्रान्सचा दावा अमेरिकेकडे आला. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक भाग मूळ रहिवाशांच्या ताब्यात होता. त्यांच्याकडून तो मिळविण्याचे काम पुढे कित्येक दशके चालले.

घटनेच्या अक्षराबाहेर जाऊ नये असा आग्रह धरणाऱ्या जेफर्सनला येथे घटनादुरुस्ती आवश्यक वाटत होती. त्याने तिचे मसुदेही केले. परंतु नेपोलियनचे मन पालटेल या भीतीने त्याने ते बाजूस ठेवले, आणि सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी तह मंजूर केला. त्या प्रदेशातील फ्रेंच व स्पॅनिश रहिवाशांना १८०४ च्या कायद्याने निर्वाचित सभा नाकारली, तेव्हा त्यांनी तहातील वचनाचा आधार घेऊन काँग्रेसकडे दाद मागितली आणि पुढील वर्षी त्यांना ती सभा मिळाली. १८११ मध्ये लुईझियानाला राज्यत्व देण्याचा प्रश्न आला तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या जोसिया क्विन्सीने, यामुळे मूळ राज्ये संघाच्या बंधनातून नैतिकदृष्ट्या मुक्त होतील, असा इशारा दिला. फुटीची भाषा प्रथम दक्षिणेतूनच निघाली ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून ध्यानात यावे. १८१२ मध्ये लुईझियाना अठरावे राज्य झाले.

५. मिसुरीचा वाद

१७९० मध्ये संघराज्याची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती. १८२० मध्ये ती ९६ लाख झाली. याच तीस वर्षांत गुलामांची संख्या सुमारे सात लाखांवरून पंधरा लाखांवर गेली. कापसाच्या लागवडीबरोबर गुलामगिरी पश्चिमेकडे सरकत होती. १८१९ च्या फेब्रुवारीत मिसुरीने राज्यत्व मागितले तेव्हा न्यूयॉर्कचा प्रतिनिधी जेम्स टॉलमॅज याने दुरुस्ती सुचविली की, तेथे नवे गुलाम आणू नयेत आणि राज्यस्थापनेनंतर जन्मलेली गुलामांची मुले पंचविसाव्या वर्षी स्वतंत्र व्हावीत. प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली, सिनेटने फेटाळली.

या वादात दक्षिणेच्या वक्त्यांनी उचललेले हत्यार होते राज्यांच्या समतेचे. व्हर्जिनियाला गुलामगिरीविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असेल तर तोच मिसुरीलाही असला पाहिजे. अटी घालून प्रवेश दिलेले राज्य कमी दर्जाचे ठरेल, असा मेरिलँडच्या विल्यम पिंकनीचा सिनेटमधील युक्तिवाद होता. उत्तरेने ओहायो, इंडियाना आणि इलिनॉय यांचा दाखला दिला: ही राज्ये १७८७ च्या अटीखालीच संघात आली, म्हणून ती कनिष्ठ ठरली काय? तर्काच्या दृष्टीने दोन्ही बाजू एकाच परंपरेचा आधार घेत होत्या. भूमीची वाटणी न्याय्य व्हावी म्हणून जन्मलेले तत्त्व आता माणसांवरील मालकीचे कवच झाले होते.

१८२० च्या तडजोडीने मेन स्वतंत्र राज्य झाले, मिसुरीला गुलामगिरीसह प्रवेश मिळाला आणि लुईझियानाच्या उर्वरित प्रदेशात ३६ अंश ३० कला अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी झाली. मिसुरीच्या नव्या घटनेने स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात येण्यास मनाई केल्यामुळे दुसरा वाद उद्भवला. हेन्री क्लेच्या मध्यस्थीने तो मिटून १८२१ च्या ऑगस्टमध्ये मिसुरी चोविसावे राज्य झाले. वृद्ध जेफर्सनला या प्रकरणात मध्यरात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेचा भास झाला. भौगोलिक रेषेला नैतिक प्रश्न चिकटला की ती रेषा पुसली जात नाही, हे त्याने ओळखले होते.

६. उपसंहार

नवा प्रदेश बरोबरीचा भागीदार होईल, या अभिवचनाने अमेरिकन प्रजासत्ताकाला वसाहतींचे साम्राज्य न बनता मिसिसिपी ओलांडता आली, हे या कालखंडाचे ठळक राजकीय यश होय. पण ती समता राज्यांची होती. राज्यांत राहणाऱ्या सर्व माणसांची नव्हती. भूमीचे पहिले धनी तिच्या कक्षेत आलेच नाहीत आणि गुलाम तिच्या नावाने अधिकच जखडले गेले. मॅडिसनने विस्तारात बहुमताच्या जुलमावर उपाय पाहिला होता. पण ज्यांना मतच नाही त्यांच्यावरील जुलमाला विस्ताराने नवी भूमी मिळवून दिली. १८५४ मध्ये मिसुरीची रेषा कायद्याने रद्द झाली आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. ते संपल्यावर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी शब्दयोजना घेतली ती १७८७ च्या कायद्यातील सहाव्या कलमाची. एका प्रदेशापुरते लिहिलेले वाक्य सर्व संघराज्याला लागू होण्यास अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. त्याच कायद्यातील तिसऱ्या कलमाच्या नशिबी असा दिवस आला नाही.