तात्पर्याची जागा

१८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. पुढच्या पिढ्यांना कोल्हा, करकोचा आणि ससा भेटले ते शेवटी छापलेल्या तात्पर्यासकट. गोष्ट मुलांची आणि तात्पर्य मास्तरांचं, अशी जणू वाटणीच होती. गोष्टीतली चित्रं हलू लागली तेव्हा मात्र तात्पर्याला नवी जागा शोधावी लागली.

दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास काड्या एकेक सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ चित्रित केली. त्यात बोध नव्हता, नवल होतं. बोधाचा विचार सुरू झाला तो फिल्म्स डिव्हिजनमध्ये. १९५६ साली डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत शिकवायला आले. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी पुढच्याच वर्षी ‘द बनियन डियर’ हा लघुपट पूर्ण केला. कथा जातकातली, चित्रशैली अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेली. गाभण हरिणीऐवजी हरणांचा राजा स्वतःची मान पुढे करतो आणि शिकारीचा नाद असलेला माणसांचा राजा ते पाहून बदलतो. एवढं दिसल्यावर निराळं तात्पर्य सांगायला उरतंच काय?

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि अशा चित्रांना घरचा प्रेक्षक मिळाला. ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ज्या घरात संच असेल तिथे शेजारपाजारची मुलं गोळा होत. त्या पिढीच्या मनात सर्वांत खोल रुतलेला लघुपट म्हणजे १९७४ चा ‘एक अनेक और एकता’. भाषा हिंदी, पण घडवणाऱ्यांत मराठी माणसं ठळक. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचं, संगीत वसंत देसाई यांचं आणि गाणारी चिमुरडी दाभोळची साधना घाणेकर, म्हणजेच पुढची साधना सरगम. चित्रं भीमसेन यांची. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

सात मिनिटांच्या या लघुपटाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. धाकटा भाऊ ताईला विचारतो, ‘एक’ म्हणजे काय, ‘अनेक’ म्हणजे काय? ताई व्याख्या देत नाही. ती आकाशाकडे आणि आजूबाजूच्या जिवांकडे बोट दाखवते आणि मग गोष्ट सांगते. जाळ्यात अडकलेली पाखरं एकदम पंख मारून जाळंच घेऊन उडतात आणि उंदीर ते कुरतडतात. ही कथा पंचतंत्रात आणि हितोपदेशात आहे. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव उंदराला सांगतो, आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड. मूळ कथेत एकीबरोबरच राजाच्या कर्तव्यावरही भर होता. मुळेबाईंनी तो सगळाच्या सगळा एकत्र उडण्यावर आणला. प्रजासत्ताकातल्या मुलांसाठी हा बदल फार शहाणपणाचा होता. बोध इथेही बोलून दाखवला आहे, पण मुलाने विचारल्यावर. म्हणून तो लादल्यासारखा वाटत नाही.

वीक्स यांच्याकडे शिकलेले राम मोहन नव्वदच्या दशकात युनिसेफच्या ‘मीना’ या चित्रमालिकेपर्यंत पोचले, आणि युक्ती आणखी पुढे गेली. घरात भाऊ राजूला आंब्याचा मोठा वाटा, मीनाला लहान. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. मीनाची कामं करताना राजू मेटाकुटीला येतो आणि मुलीचा वाटा लहान का, हा प्रश्न पाहणाऱ्याच्याच मनात उठतो. चुकणारं पात्र दाखवायला ‘मीना’ घाबरली नाही, हे तिचं मोठं बळ.

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि चित्रं दिवसभर वाहू लागली. २००८ मध्ये ‘शिनचॅन’चं प्रसारण थांबवलं गेलं, कारण त्याचं वागणं मुलं उचलतील ही भीती होती. त्याच वर्षी लाडू खाऊन बळ येणारा ‘छोटा भीम’ आला. एकात वात्रटपणाची धास्ती, दुसऱ्यात सद्गुणाचा विजय ठरलेला. मुलाने प्रश्न विचारावा अशी जागा दोन्हीकडे कमीच.

ती जागा पुन्हा करायची तर मुलं जमतात तिथेच करावी लागेल. ठाण्यात टेंभी नाक्यावर शिवसेना नेते आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला नवरात्रोत्सव भरतो आणि मुलाबाळांना घेऊन लोक रांगा लावतात. ठाण्याच्या मंडळांना एक कळकळीची विनंती आहे: येत्या नवरात्रात रांगेजवळ एक पडदा लावा आणि त्यावर ‘एक अनेक और एकता’ व ‘मीना’ जरूर दाखवा.