व्हायकिंगचा 'होकार' : एका प्रयोगाच्या वाचनाचा इतिहास

मंगळावर जीवसृष्टी आहे काय, या प्रश्नाच्या इतिहासात भाषेने घातलेला पहिला घोळ सर्वपरिचित आहे. जोव्हान्नी स्क्यापारेल्ली यांनी १८७७ साली पाहिलेल्या रेषांना 'कानाली' म्हटले. या इटालियन शब्दात नैसर्गिक प्रवाहमार्ग आणि खोदलेला कालवा असे दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजीत दुसराच तेवढा उतरला, आणि पर्सिव्हल लोवेल यांनी कालवे खोदणारी एक संस्कृतीच उभी केली. हा किस्सा आता गुळगुळीत झाला आहे. दुर्बिणीच्या जागी यान आले की वाचनाचा प्रश्न मिटतो, असा समजही त्यातून नकळत बळावतो. १९७६ ची व्हायकिंग मोहीम तो टिकू देत नाही.

त्या वर्षी दोन याने मंगळावर उतरली. पहिले २० जुलैला, दुसरे ३ सप्टेंबरला. त्यांवरील तीन जैविक प्रयोगांपैकी गिल्बर्ट लेव्हिन आणि पॅट्रिशिया स्ट्राट यांचा प्रयोग येथे महत्त्वाचा. मातीवर पोषकद्रव्यांच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. त्यातील कार्बन किरणोत्सारी. सूक्ष्मजीव असतील तर ते अन्न पचवून किरणोत्सारी वायू बाहेर टाकतील. १६० अंश सेल्सिअसला तापवलेल्या मातीतून मात्र तो येऊ नये. ताज्या मातीचा होकार आणि तापवलेल्या मातीचा नकार म्हणजे जीवसृष्टी, हा संकेत उड्डाणापूर्वीच ठरला होता. दोन्ही ठिकाणी ताज्या मातीतून वायू आला. १६० अंशांना तापवलेली माती मुकी राहिली.

तरीही बहुसंख्य शास्त्रज्ञांनी या होकाराचा अर्थ 'नाही' असा लावला. त्याच मातीला पुन्हा अन्न दिल्यावर नवा वायू सुटला नाही. उलट आधी सुटलेल्यातला काही भाग नाहीसा झाला. शिवाय क्लाउस बीमान यांच्या उपकरणाला मातीत मंगळाचे म्हणता येतील असे सेंद्रिय रेणूच सापडले नाहीत. देह नाही तर जीव कुठला? मग एखादे तीव्र ऑक्सिडीकारक रसायन कल्पून होकाराची उपपत्ती लावण्यात आली. एका संहितेचा अर्थ ठरवण्यासाठी दुसरीला प्रमाण मानण्यात आले, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल.

पण ते प्रमाणही स्वयंसिद्ध नव्हते. बीमान यांच्या उपकरणाने क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन टिपले होते. पृथ्वीवर उपकरण स्वच्छ करताना वापरलेल्या द्रावकांचे ते अवशेष, असे वाचन झाले आणि हा मजकूर समासात गेला. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट आढळले. सेंद्रिय द्रव्यासह तापवल्यास ते त्या द्रव्याचा नाश करते आणि क्लोरीनयुक्त संयुगे मागे ठेवते. व्हायकिंगचे उपकरण नमुने ५०० अंशांपर्यंत तापवत होते. म्हणजे जे शोधायचे, ते शोधण्याच्या कृतीतच जळून गेले असणे शक्य आहे. २०१० साली राफाएल नवारो-गोन्सालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताकामा वाळवंटातील माती पर्क्लोरेटसह तापवून नेमकी हीच दोन संयुगे मिळवली, आणि समासातला मजकूर पुन्हा मुख्य संहितेत आला. पुढे क्युरिऑसिटीला गेल विवरातील खडकात क्लोरोबेंझीन सापडले.

यामुळे लेव्हिन यांचे वाचन खरे ठरले काय? २०२१ साली निधन होईपर्यंत ते आपल्या मतावर ठाम होते. परंतु सेंद्रिय रेणू म्हणजे जीव नव्हे. शिवाय किरणोत्साराने पर्क्लोरेटपासून बनणारी क्रियाशील द्रव्येही तो वायू सोडू शकतात. म्हणजे प्रतिपक्षाचे प्रमाण डळमळीत करणाऱ्या शोधानेच लेव्हिन यांचा आधारही पातळ केला. अर्थ वाचकसमूहच घडवतो, असे म्हणून हात झटकण्याची अलीकडची आपली सवय येथे अपुरी पडते. दुसऱ्या थेंबाला मातीने दिलेला नकार कोणत्याही वाचकसमूहाने घडवलेला नव्हता.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, हाही मुद्दा आहेच. नॉर्मन होरोविट्झ यांचा आक्षेप असा की, इतक्या कोरड्या ग्रहावर जलीय द्रावण ओतून जीव शोधणे म्हणजे पृथ्वीलाच तेथे शोधणे. वुल्फ व्हिश्नियाक यांचा अशाच जलीय माध्यमावर आधारलेला प्रयोग १९७२ मध्ये मोहिमेतून वगळला गेला होता. निर्जीव मानल्या गेलेल्या अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत सूक्ष्मजीव शोधत असताना डिसेंबर १९७३ मध्ये ते कड्यावरून पडून मृत्यू पावले.

व्हायकिंगनंतर नासाच्या कोणत्याही मंगळयानावर चयापचय थेट तपासणारा प्रयोग गेलेला नाही. २०२१ साली उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सकडे खडकांचे नमुने नळ्यांत बंद करण्याचे काम दिले गेले. त्यांचे वाचन पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांसाठी राखून ठेवण्यात आले.