एका घावात न मरणारा गडी

बुद्धिबळाच्या पटावर हत्ती आणि प्यादे दोघेही एकाच घावात मरतात. हत्ती धिप्पाड म्हणून त्याला दोनदा मारावे लागत नाही. प्यादे टिकते ते मागे घोड्याचा किंवा उंटाचा जोर असला तर; त्याच्या अंगात जीव किती, हा प्रश्नच येत नाही. उमरग्यापासून जवळच असलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्या ग्रंथात बुद्धिबळ आहे, फाशांचे आणि कवड्यांचे खेळही आहेत. जखमी मोहरे मात्र कुठे नाही.

घाव सोसून लढत राहणारा गडी खेळात आला फार उशिरा, आणि आला तो जहाजावरून.

1971 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांची ‘चेनमेल’ ही नियमपुस्तिका निघाली. टेबलावर बाहुल्या मांडून मध्ययुगीन लढाया खेळायच्या. साधा शिपाई एका फटक्यात गारद. वीर मात्र चार माणसांच्या बरोबरीचा: एकदमच चार प्राणघातक घाव बसले तर पडायचा, तीन बसले तर ओरखडाही नाही. त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह अर्नेसन ‘ब्लॅकमूर’ खेळवत होता. तिथे प्रत्येक खेळाडूच्या हाती पलटण नव्हती, एकच पात्र होते. पलटणीतला शिपाई गेला तर कुणाला काही वाटत नाही. जिवापाड जपलेले पात्र एका फाशावर गेले की खेळाडू हिरमुसतो. यावर तोडगा म्हणून आपण अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळाचे नियम उचलले, असे अर्नेसनने पुढे मुलाखतींत सांगितले. त्या नियमांत दोन हिशेब वेगळे असतात. गोळा चिलखत भेदतो का, हा एक. भेदलाच तर असे किती गोळे खाऊन जहाज बुडेल, हा दुसरा.

परंड्याचा भुईकोट पाहिलेल्याला हे वेगळे समजावायला नको. खंदक आणि बाहेरचा तट पहिल्या हिशेबात येतात, आतल्या तटाची जाडी दुसऱ्यात.

जहाजाच्या बुडण्याचा हिशेब माणसाला लावला आणि ‘हिट पॉइंट’ जन्मले. 1974च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात ते सगळ्यांसाठी नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशानेच ठरत. पहिल्या पातळीवर लढवय्याला एक फासा अधिक एक, जादूगाराला नुसता एक फासा. एवढाच फरक! पुढे मात्र लढवय्याचे फासे भराभर वाढत. चौथ्या पातळीला त्याचे 4 फासे, आणि त्या पातळीचे नाव ‘हीरो’. ‘चेनमेल’मधला चार घावांचा वीर असा आकड्यांत उतरला.

पात्रांच्या वर्गावर्गातला ठळक भेद आला याच खेळाच्या 1975च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत. लढवय्याला आठ बाजूंचा फासा, पुजाऱ्याला सहाचा, जादूगाराला आणि चोराला चारचा. त्यामागे न्यायाची फार खोल मीमांसा असेल असे मला वाटत नाही. पाच नियमित घनाकृतींचे फासे शाळांच्या गणित-साहित्यात विकत मिळत होते. हाताशी जे आकार होते, त्यांतून ज्याच्या-त्याच्या वाट्याला जीव आला. पुराव्यादाखल 1978ची आवृत्ती पाहा. लढवय्याला दहा बाजूंचा फासा दिला, तेव्हा तसा फासा संचात नव्हताच. वीस बाजूंच्या फाशावर 0 ते 9 हे अंक दोनदा कोरलेले असत, तोच टाकायचा.

आता नवव्या पातळीचे दोघे समोरासमोर उभे करा. लढवय्याचे सरासरी हिट पॉइंट 49-50, जादूगाराचे 22-23. जादूगाराचा आगीचा गोळा नऊ सहाबाजू फाशांचा, म्हणजे सरासरी 31-32चा. चुकवता आला नाही तर तो दुसऱ्या जादूगाराला भस्म करतो, लढवय्याला नाही. मारक हाताला नाजूक देह, अशी ही वाटणी. गल्लीतल्या खेळात लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात, त्याला कुणी बाद करत नाही. इथे सर्वांत नाजूक गड्यालाही सूट नाही. पहिल्या पातळीच्या जादूगाराच्या फाशावर 1 पडला की मांजराच्या ओरबाड्यानेही तो मरू शकतो, आणि मग बिचारा सगळ्यांच्या मागे चालतो.

ही टोके पुढे बोथट होत गेली. 2000च्या आवृत्तीने पहिल्या पातळीला फाशावरचा सर्वांत मोठा आकडा देऊन टाकला. 2008च्या आवृत्तीने हे फासेच काढले आणि प्रत्येक वर्गाला ठरीव आकडे दिले. जुन्या खेळाडूंना ते फारच सरकारी वाटले असावे. 2014 मध्ये फासे परत आले: लढवय्याला दहाचा तसाच, जादूगाराला चारऐवजी सहाचा. फासा टाकायचा नसेल त्याच्यासाठी पुढच्या प्रत्येक पातळीला लढवय्यास 6 आणि जादूगारास 4 असे आकडे शेजारीच छापले आहेत.