भूकंपाची महत्ता आणि आलेखाची भाषा : कोयना ते किल्लारी, एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात दोन पहाटा काळ्या अक्षरांत नोंदल्या गेल्या आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरची भूमी हादरली आणि सुमारे २०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून झोपी गेलेले किल्लारी व आसपासचा परिसर क्षणार्धात जमीनदोस्त झाला. या आपत्तीत सुमारे ८,००० माणसे दगावली. बहुतेक अभ्यासांत कोयनेच्या भूकंपाची महत्ता ६.३, तर किल्लारीची ६.२ इतकी दिली जाते. अंकाच्या दृष्टीने कोयनेचा भूकंप किंचित मोठाच होता. मनुष्यहानी मात्र किल्लारीत चाळीस पटींच्या घरात गेली. मग ६.२ किंवा ६.३ हा अंक नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही? या प्रश्नाचे उत्तर भूकंपशास्त्रातील गणिताच्या इतिहासात सापडते. त्या इतिहासाचा आणि महाराष्ट्राने त्याची मोजलेली किंमत यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीव्रतेकडून महत्तेकडे

यंत्रे येण्यापूर्वी भूकंपाचे मोजमाप माणसाच्या अनुभवावरून केले जात असे. भांडी खडखडली, झोपलेले जागे झाले, भिंतीला तडे गेले, घरे कोसळली, अशा लक्षणांवरून स्थानपरत्वे तीव्रतेची श्रेणी ठरे. १८८३ मधील रॉसी-फोरेल श्रेणी दहा पायऱ्यांची होती. इटालियन शास्त्रज्ञ मर्काली यांच्या नावाने ओळखली जाणारी श्रेणी पुढे बारा पायऱ्यांची झाली. समान तीव्रतेची गावे नकाशावर रेषेने जोडली की समतीव्रता रेषा मिळत. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाचा आर. डी. ओल्डहॅम यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागासाठी केलेला अभ्यास हा या पद्धतीचा श्रेष्ठ नमुना मानला जातो. या भूकंपानंतर लवकरच, डिसेंबर १८९८ मध्ये, कोलकात्याच्या अलीपूर येथे भारतातील पहिले भूकंपमापन केंद्र सुरू झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्याच सुमारास मिल्न यांच्या बनावटीचे यंत्र बसविण्यात आले.

तीव्रतेच्या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती. एकाच भूकंपाची तीव्रता केंद्राजवळ नऊ, तर दोनशे किलोमीटरवर चार असू शकते. शिवाय निर्जन प्रदेशात मोठा भूकंप झाला, तर पडायला घरेच नसल्याने श्रेणी ठरविणेही कठीण होते. भूकंप मुळात केवढा होता हे सांगणारी, निरीक्षकाच्या स्थानावर अवलंबून नसलेली एकच संख्या शास्त्राला हवी होती.

रिश्टर यांचा आलेख

ही संख्या १९३५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील चार्ल्स रिश्टर यांनी दिली. जपानी शास्त्रज्ञ कियू वादाती यांनी जमिनीचे कमाल कंपन आणि केंद्रापासूनचे अंतर यांचा आलेख मांडला होता. रिश्टर यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील नोंदींवर तीच रीत वापरून पाहिली. परंतु लहान आणि मोठ्या भूकंपांच्या आयामांत इतकी प्रचंड तफावत होती की ते एका कागदावर मावेनात. तेव्हा सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी आयामाऐवजी त्याचा लघुगणक मांडण्याची सूचना केली. त्या एका सूचनेने चित्र पालटले. निरनिराळ्या भूकंपांचे वक्र परस्परांना जवळजवळ समांतर दिसू लागले. दोन समांतर वक्रांमधील उभे अंतर कोणत्याही ठिकाणी सारखेच असते. हे अंतर म्हणजेच दोन भूकंपांच्या महत्तेतील फरक. महत्ता या संज्ञेची कल्पना ताऱ्यांची तेजस्विता मोजणाऱ्या खगोलशास्त्रातून आली.

शून्य कोठे धरायचे हा प्रश्न रिश्टर यांनी व्यवहारी दृष्टीने सोडविला. वुड-अँडरसन पद्धतीच्या यंत्रावर, केंद्रापासून १०० किलोमीटर अंतरावर, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका आयाम उमटविणाऱ्या भूकंपाची महत्ता शून्य मानली गेली. त्याच अंतरावर एक मिलिमीटर आयाम आला तर महत्ता ३, दहा मिलिमीटर आला तर ४, शंभर मिलिमीटर आला तर ५. अंतर वेगळे असल्यास तक्त्यातून दुरुस्ती घ्यावयाची. म्हणजे रिश्टर प्रमाण हे कोणते यंत्र किंवा फूटपट्टी नसून मुळात एक आलेख आहे. त्याला वरची मर्यादा ठरवून दिलेली नाही आणि अतिसूक्ष्म भूकंपांसाठी ऋण संख्याही येऊ शकतात.

एका अंकामागील ऊर्जा

महत्ता एकाने वाढली म्हणजे आयाम दहापट होतो. पण मुक्त होणारी ऊर्जा दहापट नव्हे, तर सुमारे ३२ पट होते. गुटेनबर्ग व रिश्टर यांच्या सूत्रानुसार ऊर्जेचा लघुगणक महत्तेच्या दीडपटीने वाढतो. म्हणून दोन अंकांच्या फरकात ऊर्जा हजारपट होते. ५ महत्तेचा भूकंप हा १० महत्तेच्या भूकंपाच्या निम्मा, असा समज करून घेणे ही लघुगणकी प्रमाण सरळ प्रमाणासारखे वाचण्याची चूक आहे. याच सूत्राने कोयना आणि किल्लारी यांची तुलना केली असता ०.१ च्या फरकामुळे कोयनेची ऊर्जा सुमारे १.४ पट ठरते. दोन्ही भूकंप जवळपास तुल्यबळ होते, हाच याचा अर्थ.

अतिप्रचंड भूकंपांच्या बाबतीत मूळ प्रमाण अपुरे पडते. भूकंप वाढला तरी ठरावीक लांबीच्या लहरींचा आयाम त्या प्रमाणात वाढत नाही. हा दोष दूर करण्यासाठी हिरू कानामोरी व थॉमस हँक्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आघूर्ण महत्ता प्रचारात आणली. प्रस्तरभंगाचे क्षेत्रफळ, खडकांचे सरासरी सरकणे आणि खडकांची दृढता यांच्या गुणाकारावरून ती काढली जाते. १९६० च्या चिली भूकंपाला ९.५ हा अंक याच पद्धतीने मिळाला. सांप्रत शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी हीच महत्ता वापरतात. वृत्तपत्रांत मात्र 'रिश्टर स्केल' हा शब्द रूढ राहिला आहे.

कोयना : आलेखाने उलगडलेले कारण

दख्खनच्या पठारावर मोठे भूकंप होत नाहीत, अशी १९६७ पूर्वीची सार्वत्रिक धारणा होती. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये ५ हून अधिक महत्तेचा धक्का बसला आणि डिसेंबरात मुख्य भूकंप झाला. धरणाच्या संकल्पनात भूकंपाचा भार गुरुत्वीय त्वरणाच्या ०.०५ पट धरला होता. धरणातील त्वरणमापकाने ०.६३ पटीपर्यंतची नोंद केली. धरणाला तडे गेले. पण ते उभे राहिले आणि पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले.

हा भूकंप नैसर्गिक की जलाशयामुळे चेतविला गेलेला, या वादात दोन आलेख निर्णायक ठरले. पहिला आलेख जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या एकाच कालरेषेवर मांडणारा होता. पावसाळ्यात पातळी चढली की त्यानंतर धक्के वाढतात, हे त्यातून दिसले. दुसरा आलेख गुटेनबर्ग-रिश्टर नियमाचा. एखाद्या प्रदेशात ठरावीक महत्तेपेक्षा मोठे किती भूकंप झाले, त्या संख्येचा लघुगणक महत्तेसमोर मांडला की जवळजवळ सरळ उतरती रेषा मिळते. समजा, एखाद्या प्रदेशात वर्षाला ३ हून मोठे १०० भूकंप होतात. रेषेचा उतार १ असल्यास ४ हून मोठे १० आणि ५ हून मोठा १ अपेक्षित असतो. हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ ते १९७२ या काळात दाखवून दिले की कोयनेच्या पूर्वधक्क्यांचा व पश्चात्‌धक्क्यांचा हा उतार त्या प्रदेशातील नेहमीच्या भूकंपांपेक्षा जास्त होता, म्हणजेच लहान धक्क्यांचे प्रमाण अधिक होते. जगातील अन्य काही मोठ्या जलाशयांजवळही असेच आढळले. कोयना परिसर त्यानंतर जलाशयप्रेरित भूकंपांच्या अभ्यासाचे जागतिक केंद्र बनला. कराड येथे खोल वेधछिद्रांद्वारे संशोधन करणारी प्रयोगशाळाही उभी राहिली.

किल्लारी : आलेखातील रिकामी जागा

कोयनेत आलेखाने कारण दाखविले. किल्लारीने आलेखाची मर्यादा दाखविली. त्या काळच्या भारतीय मानक नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. १९९२ मध्ये परिसरात लहान धक्के जाणवले होते, तरी मोठ्या भूकंपाची अपेक्षा कोणी केली नव्हती. भूकंपनोंदींची परंपरा जेमतेम शतकाची. स्थिर भूखंडात एकाच ठिकाणी मोठा भूकंप पुन्हा येण्यास हजारो वर्षे लागू शकतात. एवढ्या अल्प काळाच्या नोंदींवर रेषा काढली, तर जेथे बिंदूच नाहीत तेथे धोकाही नाही असा भास होतो. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्र रद्द करण्यात आले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला.

हानीचे दुसरे कारण अंकाच्या पलीकडचे होते. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी तेथील घरांची रीत होती. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही घरे उथळ केंद्राच्या हादऱ्याने झोपलेल्या माणसांवर कोसळली. दाट वस्तीची गावे आणि पहाटेची वेळ यांनी हानी वाढविली. ६.२ ही संख्या भूगर्भातील घटना मोजते. माळवदाचे वजन त्या संख्येत मोजले जात नाही. ते तीव्रतेच्या श्रेणीत दिसते. म्हणूनच महत्ता व तीव्रता या दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे हा शब्दच्छल नसून सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

विदर्भाच्या संदर्भात

यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ महत्तेचे धक्के नोंदविले गेले. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारखे गाव अशा केंद्रापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर येते. रिश्टर यांच्या मूळ प्रमाणाने गणित केल्यास १०० किलोमीटरवरील वुड-अँडरसन यंत्रावर ४.५ महत्तेच्या भूकंपाचा आयाम सुमारे ३२ मिलिमीटर येतो. हे यंत्र कंपन सुमारे २,८०० पट वाढवून दाखविते असे मानले जाई. म्हणजे जमिनीची प्रत्यक्ष हालचाल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीच. अर्थात दुरुस्तीचा मूळ तक्ता कॅलिफोर्नियाचा आहे. दख्खनच्या कठीण खडकांतून लहरी कमी क्षीण होत दूरवर जातात, म्हणून येथील गणिताला स्थानिक दुरुस्ती आवश्यक ठरते. एवढ्या सूक्ष्म हालचालीने घाबरण्याचे कारण नाही. परंतु तिची नोंद ठेवणे अगत्याचे आहे, कारण उद्याच्या आलेखावरील रिकामी जागा अशाच नोंदींनी भरत असते.

समारोप

भूकंपाच्या महत्तेचा इतिहास हा अनुभवाचे संख्येत आणि संख्येचे आलेखात रूपांतर होण्याचा इतिहास आहे. लघुगणकाने लहानमोठे भूकंप एका कागदावर आणले, उताराने कोयनेचे कारण सूचित केले आणि रिकाम्या जागेने किल्लारीत अभ्यासकांना सावध केले. आलेखातून गतकाळाचे स्वरूप कळते आणि भविष्याची संभाव्यता वर्तविता येते. सुरक्षिततेची हमी मात्र त्यातून मिळत नाही. ती घराच्या बांधणीतून मिळवावी लागते. महाविद्यालयांतील गणित, भूगोल व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन उपलब्ध भूकंपनोंदी लघुगणकी आलेखपत्रावर विद्यार्थ्यांकडून मांडून घेतल्या, तर वृत्तपत्रातील एका अंकामागे काय दडले आहे आणि काय दडलेले नाही, याची जाण पुढच्या पिढीला येईल. कोयना व किल्लारी येथे प्राण गमावलेल्यांच्या स्मृतीशी सुसंगत असे ते शिक्षण ठरेल.